पेटीच्या तोंडून

बाबांचा आवाज पहिल्यांदा फाटला तेव्हा मी मांडवात मिक्सरपाशी बसले होते.

मालवणजवळच्या एका वाडीत देवळापुढे डबलबारी होती. डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा समोरासमोर बसतात, दोघांच्या पुढ्यात पेटी, दोघांच्या मागे पखवाज, झांजा आणि कोरस. एकाने आपल्या बारीत गायचं, गाता गाता समोरच्याला चिमटा काढायचा. समोरच्याने आपल्या बारीत तो व्याजासकट परत करायचा. देव दोघांचा एकच असतो, पण लोक येतात ते चिमट्यांसाठी. बाबा तरुणपणापासून हेच करत आले होते. नांदगावपासून आत आमची थोडी भातजमीन आणि काजूची झाडं आहेत. ती आईने सांभाळली. बाबांनी बाऱ्या सांभाळल्या.

त्यांचे एक ठरलेले प्रतिस्पर्धी होते, किनाऱ्याकडचे. आमच्या घरात त्यांचा उल्लेख नावाने कधी झाला नाही. ते ‘समोरचो बुवा’. लहानपणी मला वाटायचं, तेच त्यांचं नाव. वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांचं टक्कल, दात, चालणं, बायकोच्या हातचं जेवण, काही म्हणून सोडलं नाही. आणि बारी संपली की मांडवामागे एकाच डबीतला तंबाखू मळला.

त्या संध्याकाळी गजर रंगात आला होता. बाबांनी वरच्या सुरावर झेप घेतली आणि तिथे सूर नव्हताच. नुसती हवा आली. कोरसने सांभाळून घेतलं. पण समोरच्या बुवांच्या कानातून काही सुटत नसे. आपली बारी आल्यावर भाता थांबवून ते म्हणाले, “बुवांच्या गळ्यात कुर्ली शिरली काय रे? कोणतरी डेंगे मोडा तिचे!” कुर्ली म्हणजे खेकडा, डेंगे म्हणजे त्याच्या नांग्या. मांडव हसला. बाबाही हसले. मी त्यांच्या माईकचा आवाज वाढवून पाहिला. जी हवा होती तीच मोठी झाली.

पुढे गोव्यातल्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी घशाचा कर्करोग म्हणून सांगितलं. परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. सावंतवाडी मागे पडल्यावर म्हणाले, “खरीच कुर्ली निगाली मरे.” तेव्हा त्यांना घोगरं का होईना, बोलता येत होतं.

रेडिएशनने गाठ विरली, आवाज मात्र परत आला नाही. गळ्यातले पडदे कडक झाले होते. उरली ती फक्त कुजबुज. डॉक्टरांनी हेही सांगून ठेवलं की आजार परत उठला तर स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मग कुजबुजही राहणार नाही. बाबांनी मान हलवली, जणू कुणी उद्याच्या एस.टी.ची वेळ सांगत होतं.

खरे हाल घरी सुरू झाले. आईला आधीपासून कमी ऐकू येत होतं. बाबांचा मांडवातला आवाज होता तोवर हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते पडवीतून हाक मारत आणि गोठ्यात आईला ऐकू जाई. आता ते तिच्या कानाशी तोंड नेऊन काही सांगत आणि ती म्हणे, “माका काय ऐकाक येना नाय. काय होया ता हातान दाखवा.” बाबांना हाताने दाखवायचा भारी राग. ते ताटावर वाटी आपटत. वाटीचा आवाज तिला ऐकू येई. ती येऊन उभी राही, आणि ते मग काहीच मागत नसत. मी दर आठवड्याला मालवणहून जात होते. प्रत्येक वेळी त्या घरात शब्द कमी झालेले असत. कान तपासायला चल म्हटलं की आई म्हणे, “आदी तेंचा होवंदे.”

मी मालवणात राहते. घरातल्या एका खोलीत आवाजाचं काम करते. भजनी मंडळांची गाणी ध्वनिमुद्रित करायची, लग्नाच्या व्हिडिओंना संगीत जोडायचं, पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांच्या जाहिराती बनवायच्या. अशाच एका जाहिरातीत त्या होडीवाल्याला इंजिनाच्या घरघरीतून “या, बसा” असे शब्द यायला हवे होते. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम मिळाला. त्याला दोन आवाज द्यायचे. एकातून तो शब्दांचा आकार घेतो, दुसऱ्यातून सूर. आणि दुसरा आवाज पहिल्याचे शब्द बोलू लागतो. मी इंजिन लावलं आणि माईकवर बोलले. बोलता बोलता सहज कुजबुजून पाहिलं. इंजिन तितक्याच स्पष्ट बोललं. त्या प्रोग्रॅमला माझा आवाज नकोच होता. त्याला फक्त तोंडाची हालचाल आणि थोडी हवा हवी होती.

पुढच्या फेरीला मी लॅपटॉप, दोन माईक आणि दोन हेडफोन घेऊन घरी गेले. बाबांना सांगितलं, एक माईक तुमच्या तोंडाशी, एक पेटीशी. तुम्ही पेटी वाजवायची आणि नुसते ओठांनी गायचं. पेटी गाईल.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कुजबुजले, “आणि लोक हसतीत.”

“हय कोण लोक आसत? मी आसंय आणि आई आसा.”

“तुजी आवस पयली हसात.”

तरी त्यांनी पेटी काढली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. भात्यावर धूळ बसली होती, ती पंचाने पुसली. मी पेटीवर माईक बांधला. त्यांनी काळी एकवर बोटं ठेवली आणि ओठ हलवले. मला हेडफोनमध्ये अंगावर काटा आणणारा आवाज आला. पेटीचा सूर, आणि त्यात बाबांचा ‘र’, बाबांचा ‘ळ’, शब्द सोडताना शेवटचं अक्षर किंचित ओढायची त्यांची सवय. मी रेकॉर्डिंग चालू केलं होतं. त्यांनी एक पूर्ण कडवं म्हटलं.

मग ऐकवायला गेले तर फाइलमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. एका पट्टीवर कोरी पेटी, दुसऱ्या पट्टीवर कोरी कुजबुज. आवाज बदलणारा प्रोग्रॅम स्वतः रेकॉर्ड करत नव्हता, आणि रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम थेट माईकचं ऐकत होता. मधे काय घडलं ते त्याला माहीतच नव्हतं. बाबांनी तेवढ्यात हेडफोन कानाला लावले होते. आपली कुजबुज त्यांनी बाहेरून कधी ऐकली नव्हती. थोडी ऐकून त्यांनी हेडफोन काढून पाटावर ठेवले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

“काय झाला?” आईने विचारलं.

“कायेक नाय,” मी म्हटलं. तेही मला ओरडून म्हणावं लागलं.

मालवणला परत येऊन मी तो गुंता सोडवला. कॉम्प्युटरमध्ये नसलेली वायर घालता येते. एक प्रोग्रॅम बसवला की कॉम्प्युटरला वाटतं आपल्याला आणखी एक साउंड कार्ड आहे. पहिल्या प्रोग्रॅमला सांगायचं, तुझा आवाज स्पीकरला न देता या खोट्या कार्डात सोड. दुसऱ्याला सांगायचं, तू माईकऐवजी या खोट्या कार्डातून घे. नंतर घरी जाऊन बाबांना समजावताना मी पोफळीच्या बागेचं उदाहरण दिलं: एका वाफ्यातलं पाणी पाट फोडून दुसऱ्या वाफ्यात घ्यायचं. ते त्यांना पटकन कळलं. “मगे पयल्या वाफ्यात पाणी रवता काय?” त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. सगळा आवाज पलीकडे वळवला की हेडफोनमध्ये काही ऐकू येत नव्हतं, आणि न ऐकता कुणाला गाता येतं? मग पाट दोन्हीकडे फोडावा लागला. एकदा चुकून रेकॉर्डिंगचा आवाज परत पहिल्या प्रोग्रॅममध्ये शिरला आणि असा हंबरडा फुटला की कुत्रा पडवीतून उडी मारून पळाला. आईनेही तो ऐकला. चुलीपुढून उठून आली.

ते सुटलं तेव्हा दुसरी अडचण उरली. आवाज दोन प्रोग्रॅममधून फिरून येईपर्यंत कणभर उशीर होई. बोट आता पडलं, शब्द मागाहून. मी जितकं कमी करता येईल तितकं केलं; त्याहून खाली गेलं की आवाज तडतडायला लागे. शेवटी बाबांनीच तोड काढली. ते ठेक्याच्या किंचित पुढे वाजवू लागले, म्हणजे आवाज बरोबर ठेक्यावर पडे. आयुष्यभर ताल अंगात मुरवलेल्या माणसाला तालाच्या पुढे राहणं किती कठीण गेलं असेल. दुपारभर ते तेच करत होते. कपाळावर घाम होता.

मी स्पीकर लावला. बाबांनी पेटीचा एक सूर धरला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून ओठ हलवले. पेटी म्हणाली, “ऐकलंस गो? वायच चाय घाल.”

स्पष्ट ऐकू आलं. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. आई दारात आली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. तिने खोलीभर बघितलं, मग मला विचारलं, “कोण इलो हा?”

“बाबा बोलतत,” मी म्हटलं.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पुन्हा ओठ हलवले, पुन्हा पेटी बोलली. ती मागे सरली. “नको,” ती म्हणाली. “माका तुमचो आवाज होयो. पेटीचो नको. पेटी काय, ती बाजारातय गावता.”

बाबांनी भाता लावून टाकला. चहा आला तो त्यांनी घेतला. आईशी ते पुन्हा कधी पेटीतून बोलले नाहीत.

पण पेटी त्यांनी सोडली नाही. मी एक जुना लॅपटॉप घरी ठेवून दिला, सुरू करायचं कसं ते शिकवलं. वीज जायची, यंत्र अडायचं. मग ते तसेच ओठ हलवत वाजवत बसायचे. मी गेले की रेकॉर्ड करत असे. आवाज बदललेला आणि कोरा, दोन्ही. बाबांचे स्वतःचे गजर, गवळणी. आणि समोरच्या बुवांना द्यायचं राहून गेलेली उत्तरं. ती तर भराभर यायची.

समोरचे बुवा काजूच्या मोसमात आले. मोटारसायकलवरून, हँडलला ताजे बांगडे भरलेली पिशवी, मागे त्यांचा पखवाजवाला. आजार कळल्यापासून ते आले नव्हते. दारातच उभे राहून म्हणाले, “बुवा, त्या दिवशी मी कुर्ली म्हटलंय. माजी जीभ झडांदे.”

बाबांनी त्यांना हाताने बसवलं. मग माझ्याकडे पाहून पेटीकडे बोट केलं.

मी सगळं मांडलं. समोरच्या बुवांना काही सांगितलं नव्हतं. बाबांनी हेडफोन चढवले, सूर धरला, आणि पेटीतून बोलले, “कुर्ली खाल्लंय बुवा मी. आता तुमचे डेंगे बघूया.”

समोरचे बुवा आधी हसले, मग पुन्हा हसायला गेले ते त्यांना जमलं नाही. डोळे पुसून ते मला म्हणाले, “बाय, माका दुसरी पेटी आसा काय गो?”

शेजारच्या घरातून पेटी आणली. घरापुढच्या खळ्यात चटया टाकल्या. बातमी वाडीत पसरली आणि माणसं जमली, कुंपणाला टेकून, पायरीवर, माडाच्या बुंध्याशी. बारी दुपार कलल्यावर सुरू झाली. पहिली समोरच्या बुवांची. सुरुवातीला ते सांभाळून गात होते, आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं. बाबांना ते कळलं. आपल्या बारीत त्यांनी गजराच्या मधेच सुनावलं, “बुवा, मी मेललंय काय? मोठ्यान गावा.” खळं हसलं. मग खरी बारी झाली. पखवाजवाला आधी चाचपडला. पेटी पुढे आणि शब्द मागे, त्याला काही धरता येईना. मग त्याने डोळे मिटून फक्त आवाजाकडे कान लावला आणि सापडलं. बाबांच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. त्यांच्या तोंडून येत होती फक्त हवा, आणि पेटी गात होती. तो आवाज सुंदर होता असं मी म्हणणार नाही. बंद खोलीत कुणी ओरडावं तसा होता. पण चिमटे बाबांचेच होते.

आई पडवीच्या खांबाला टेकून बसली होती. ती पेटीकडे बघत नव्हती. बाबांच्या ओठांकडे बघत होती.

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दुपार होती. पुढचं नीट सांगायचं तर तिथूनच सगळं बिघडलं.

जमलेल्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गेलं. आधी कौतुक झालं. मग कुणीतरी त्यातलं ‘मी मेललंय काय’ एवढंच कापलं आणि त्याच्याखाली नाचायचा ठेका घातला. मी ते पहिल्यांदा मालवणच्या जेटीवर ऐकलं. पर्यटकांच्या होडीवर मोठ्या स्पीकरवर लागलं होतं. मी मेललंय काय, धाड धाड, मी मेललंय काय. होडीतली माणसं हात वर करून नाचत होती. ती कुठून कुठून आलेली. त्यांना तो माणूस कोण हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. होडीवाल्याने मला ओळखलं आणि हसून अंगठा दाखवला.

बाबांना हे वाडीतल्या पोरांकडून कळलंच. मी गेले तेव्हा ते म्हणाले, “वाजवतत ता वाजवंदे. ठेको बरो आसा.” ते मस्करी करत होते की काय, मला त्यांच्या कुजबुजीतून ओळखता आलं नाही. माणसाची मस्करी किती तरी त्याच्या आवाजात असते.

मग किनाऱ्यावरच्या एका पर्यटन महोत्सवाचं बोलावणं आलं. आयोजक घरी आले, शुद्ध मराठीत बोलले. “आपली लोककला, आणि तिला आधुनिक तंत्रज्ञानाची जोड.” बाबांनी एकच अट घातली: समोरच्या बुवांसोबत पूर्ण डबलबारी. त्यांनी मान्य केली. मला जाऊ नये असं वाटत होतं आणि मी तसं म्हटलंही. बाबा म्हणाले, “मांडव आसा, बाय. मांडवाक मी कदी नाय म्हटलंय नाय.”

आम्ही संध्याकाळी पोचलो. वाळूवर मोठा मंच, रंगीत दिवे, समोर खुर्च्या आणि त्यांच्यामागे उभी गर्दी. वेळ पुढे सरकली होती. आयोजकांपैकी एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, पूर्ण बारीला वेळ नाही, दुसऱ्या बुवांचा कार्यक्रम रद्द, तुमच्या वडिलांनी फक्त ते मशीनचं करून दाखवावं. नाचाच्या दोन कार्यक्रमांच्या मधे. समोरचे बुवा नवा सदरा घालून मंचाच्या पायऱ्यांपाशी उभे होते. त्यांनी हे ऐकलं.

निवेदिकेने जाहीर केलं, “आणि आता तुम्ही ज्यांची वाट बघताय ते, मशीनवाले बुवा!” गर्दीतून शिट्ट्या आल्या. बाबा पेटीपाशी बसले, हेडफोन चढवले. मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसले होते. माझ्याही कानांवर हेडफोन. बाबांनी गजर उचलला. पहिली ओळ पुरी होण्याआधीच मागून ओरडा सुरू झाला, “मेललंय काय! मेललंय काय बोला!” निवेदिका हसत माईकमध्ये म्हणाली, “बुवा, लोकांची फर्माईश आहे हं. एकदा होऊन जाऊ दे!”

बाबांनी पेटीवरून हात उचलले.

सूर थांबला की यंत्राजवळ बोलायला काही उरत नाही. स्पीकर एकदम मुके झाले. पण बाबांचे ओठ थांबले नव्हते. ते समोर बघत गात होते. पूर्ण गजर, ओळीमागून ओळ, हात मांडीवर. लोकांना वाटलं मशीन बिघडलं. कुणी हसलं, कुणी “आवाज, आवाज” म्हणून ओरडलं. आयोजकांपैकी एकजण माझ्याकडे धावत आला, “काय झालं? वायर निघाली का?” मी हेडफोनवर हात दाबून धरले. बाबांच्या तोंडाजवळचा कोरा माईक माझ्या कानात तसाच येत होता. त्या सगळ्या किनाऱ्यावर मला एकटीला ऐकू येत होतं. कोरडी, चिरलेली कुजबुज, पण एकही मात्रा चुकलेली नाही.

मग झांजेचा आवाज आला. समोरचे बुवा मंचावर चढून बाबांच्या समोर बसले होते आणि त्यांच्या ओठांकडे बघून ठेका धरत होते. त्यांना गाणं ऐकू येत नव्हतं. ते पाठ होतं.

गजर संपला. बाबा गर्दीकडे बघून आणखी एक वाक्य बोलले आणि उठले. पुढच्या कार्यक्रमाचं संगीत लगेच सुरू झालं.

गाडीपाशी समोरच्या बुवांनी मला विचारलं, “शेवटाक काय म्हटल्यान गो तो?”

मी सांगितलं. बाबा म्हणाले होते, “आवाज माजो गेलो, आणि बहिरे तुमी झालास.”

समोरचे बुवा एकटेच हसत राहिले. मग गाडीच्या दाराला धरून वाकले, आणि हसताहेत की काय ते कळेना. “ह्येका जवाब नाय माज्याकडे,” ते म्हणाले. बाबा गाडीत डोळे मिटून बसले होते.

पावसाळ्यात आजार परत उठला. गणपती झाल्यावर स्वरयंत्र काढलं. गळ्याच्या खाली एक भोक राहिलं, श्वास तिथूनच. आता तोंडातून हवा येत नव्हती, म्हणजे कुजबुजही नाही. मी एकदा माईक घेऊन गेले होते, काही जमतं का बघायला. बाबांनी ओठ हलवले. यंत्राला धरण्यासारखं जवळपास काहीच मिळालं नाही. पेटी नुसती पेटीसारखी वाजली. त्यांनी मला हाताने सांगितलं, आवर. हाताने सांगायचा राग आता उरला नव्हता.

आई ते भोक रोज पुसायची, त्यावर ओलं फडकं बांधायची, त्याभोवतीची दाढी स्वतः करायची. दोघं खुणांनी भांडायचीसुद्धा. मी मधे पडले तर दोघंही मला गप्प करत. डॉक्टरांनी दिलेली पाटी-पेन्सिल बाबांनी वापरली नाही. बाबांना शाळेचा कंटाळा, आणि आईला वाचता येत नाही.

आंबे उतरायच्या दिवसांत ते गेले. सकाळी, बाजेवर, आई गोठ्यात असताना. हाक मारता येत नसलेला माणूस कसा जातो हे मी पुष्कळ वेळा डोळ्यांपुढे आणते. आईने त्यांच्या उशाशी एक वाटी आणि चमचा ठेवला होता, वाजवायला. तो वाजला नाही, असं ती म्हणते. किंवा वाजला असेल आणि तिला ऐकू गेला नसेल. हे ती स्वतःच म्हणते.

समोरचे बुवा बाराव्याला भजनाला आले. खळ्यात बसून सरळ अभंग गायले. जिथे ते नेहमी थांबून चिमटा काढायचे तिथे थांबत, इकडेतिकडे बघत, आणि पुढे जात. भजन संपल्यावर मी त्यांना विचारलं, काजूच्या मोसमातली ती बारी तुम्हाला देऊ का, माझ्याकडे आहे, स्वच्छ आहे.

“नको बाय,” ते म्हणाले. “ऐकलंय तर रात्री झोप लागाची नाय. आणि उद्या माजी बारी आसा.”

“कोणावांगडा? समोर कोण आसा?”

“आसा एक. पोरगोच आसा. आवाज बरो आसा तेचो.” ते खाली बघत म्हणाले. “पण तेका चिमटो काडलो की तो रागावता. मगे मी नुसतो गातंय.”

त्यांचा फोन वाजत होता. ते उठले, आईपुढे हात जोडले, “येतंय वयनी” म्हणाले आणि मोटारसायकल सुरू करून वळणावर दिसेनासे झाले. आई माझ्या दंडाला धरून उभी होती.

“काय म्हटल्यान तो?” तिने विचारलं.

“येतंय म्हणालो.”

“जेवल्याशिवाय कसो गेलो?” आई म्हणाली. “पान वाढललंय मी तेका.” आणि ती ते झाकायला आत गेली.